रिकामा पाळणा कुणी हलवला

मी पाळणा बोलतोय. मूल आत असताना पाळण्यानं नुसतं हलावं, बोलू नये, एवढी रीत मला कळते. पण आज मी रिकामा आहे. बावीस वर्षं माळ्यावर अक्रोडाच्या पोत्यांमागे पडून होतो. आज सकाळी मला खाली काढलं आणि आता चिमन ओल्या फडक्यानं माझी धूळ पुसते आहे. चिमन या घरची सून, तिला आठवा महिना लागलाय. माळ्यावरून तिनं माझ्याबरोबर आणखी एक वस्तू खाली आणली आहे, खुंटीवरची कापडी पिशवी. त्या पिशवीपायी मला तोंड उघडावं लागतंय, नाहीतर मी तसा घुम्याच.

मी तुतीच्या लाकडाचा. कुर्दांच्या हवरामान डोंगराच्या या उतारावर घरं एकावर एक बसलेली, खालच्याचं धाबं ते वरच्याचं अंगण. अशाच एका अंगणातली तुती वीज पडून वाळली आणि गावच्या सुतारानं, उस्ता हबासनं, तिला कापून माझ्या फळ्या केल्या, खाली दोन वाकडे पाय लावले, वर एक आडवा दांडा बसवला. मी टांगलेला नाही. जमिनीवर बसतो आणि दोरी ओढली की डुलतो. दोरी बकरीच्या केसांची, चांगली दहा हात लांब. दाराशी अक्रोड फोडत बसलं तरी पाळणा हलवता येतो.

नशमील तेव्हा नवी नवरी होती. नवरा तौफीक खेचरांचा तांडा घेऊन डोंगरापलीकडे जायचा, महिनामहिना यायचा नाही. मला पाठीवर बांधून तिनंच घरी आणलं. दांड्याला निळा मणी बांधला, लवंगांची माळ बांधली. उस्ता हबासनं निघताना तिला बजावलं होतं, की पाळणा रिकामा असताना कुणाला हलवू देऊ नकोस. रिकामा हलवला की त्यातलं मूल राहत नाही, असं इथं सगळेच मानतात. मी लाकूड आहे, मला यातलं काही कळत नाही. पण त्या एका समजुतीनं या घरात जे झालं ते मी पाहिलंय, आणि अजून विसरलेलो नाही.

माझ्या अंगाची एक गोष्ट सांगतो, ती लक्षात ठेवा. बाळाला माझ्यात दोन पट्ट्यांनी बांधतात, एक गुडघ्यांवर, एक छातीवर. छातीवरचा पट्टा माझ्या दोन्ही कडांच्या भोकांतून ओवलेला असतो. बाळानं श्वास घेतला की तो ताणला जातो, सोडला की सैल होतो. म्हणजे बाळ जागं असो की झोपलेलं, त्याचा प्रत्येक श्वास मला कळतो. आयांना कळत नाही, कारण त्या कामात असतात.

नशमीलचं पहिलं मूल गलावेझ, मग सिरवान, मग हेरो. तिघंही माझ्यातच वाढली आणि तिघंही माझ्यातून उठून माझ्याच दोरीला लागली. इथल्या पोरांचं असंच असतं. पट्टे सुटले की वर्षभरात हातात दोरी येते.

आता रडणारं बाळ म्हणजे काय, हे मला विचारा. बाळ एकच रडतं, पण तिघं भावंडं ते तीन तऱ्हांनी ऐकतात. गलावेझ थोरली, ती पहिल्या हुंकाराला उठायची. हात पिठाचे असोत की राखेचे, आधी नाकानं बघायची, बाळ ओलं आहे का. मग पट्ट्याखाली बोट घालून बघायची, काचतंय का. मग तोंडाशी करंगळी न्यायची, भूक आहे का. एवढं सगळं करून बाळ रडतच राहिलं, की तिचा चेहरा म्हातारीसारखा व्हायचा. थोरल्या मुलीला बाळाचं रडणं म्हणजे स्वतःची चूक वाटते. नऊ वर्षांच्या पोरीनं हे कुठून शिकावं? पण शिकतात.

सिरवानचं वेगळं. तो दाराशी सोबत्यांबरोबर हाडांच्या गोट्या खेळत बसायचा आणि बाळ रडलं की मान न वळवता दोरीला हिसका द्यायचा. जोरात रडलं तर जोरात हिसका. एकदा मी त्याच्या हिसक्यानं चुलीपर्यंत सरकलो होतो. पोरगा वाईट नव्हता. त्याला रडणं म्हणजे खेळात कुणीतरी मारलेली हाक वाटायची, आणि हाक कधी एकदा थांबते असं व्हायचं.

धाकटी हेरो तेव्हा चार वर्षांची. चौथं बाळ रेबीन माझ्यात होतं. हेरो त्याच्याजवळ बसून त्याचंच रडणं त्याला करून दाखवायची, तस्संच्या तस्सं, ओठ काढून. रेबीन चकित होऊन गप्प व्हायचा. घरातल्या कुणालाही न जमलेली युक्ती त्या चिमुरडीला जमली होती आणि तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

आता त्या पिशवीकडे येतो. तिच्यात खसखशीची वाळलेली बोंडं आहेत. ती फोडून पाण्यात उकळतात आणि काढा कोनाड्यातल्या मडक्यात भरून ठेवतात. कामाच्या दिवसांत बाळाला त्यातला एक लाकडी चमचा दिला, की आई शेतातून येईपर्यंत ते झोपून राहतं. नशमीलला तिच्या आईनं दिला होता, आईला तिच्या आईनं. नशमील तो पहाटे द्यायची, पोरं उठायच्या आत. पोरांना कळू द्यायची नाही, कारण कळलं तर तीही देत बसतील अशी तिला भीती. भीती अगदी बरोबर होती, उपाय मात्र उलटा होता. मडकं सगळ्यांच्या नजरेसमोर होतं आणि ते कशासाठी आहे, हे बघून बघून पोरांना केव्हाच कळलं होतं. आईनं आज दिलंय की नाही, एवढंच त्यांना कळायचं नाही.

त्या दिवशी नशमील गोधड्या धुवायला नदीवर गेली. रेबीनला पहाटेच चमचा दिला होता, तरी दिवस वर आल्यावर तो उठून रडू लागला. गलावेझ कणीक मळत होती. तिनं नाकानं बघितलं, बोट घालून बघितलं, करंगळी देऊन बघितली. मग ती कोनाड्याकडे गेली. मी पाहिलं. चमचा भरून दिला, ओठ बाहीनं पुसले, मडक्यावर झाकण ठेवलं आणि भाकऱ्या भाजायला शेजारच्या तंदूरवर गेली.

रेबीन गप्प झाला. घर छान शांत झालं. पट्टा ताणला जात होता, सैल होत होता. मग ताणायला उशीर लागू लागला. मग आणखी उशीर. मी वाट बघत राहिलो. पाळण्याला वाट बघण्यापलीकडे काय करता येतं? दुपारी एकदा पट्टा सैल झाला तो पुन्हा ताणला गेलाच नाही.

बायका जमल्या. रडून झाल्यावर त्यातल्या एकीनं विचारलं, रिकामा पाळणा कुणी हलवला होता का? हेरोनं लगेच हात वर केला. दोन दिवसांपूर्वी तिनं आपली चिंध्यांची बाहुली माझ्यात ठेवून झोपवली होती. बाहुलीला कुणी बाळ धरत नाही, म्हणजे मी रिकामाच. सगळ्या जणी तिच्याकडे बघू लागल्या. गलावेझ भिंतीशी उभी होती. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटतं तिनं त्याच वेळी स्वतःची समजूत घातली, की हेच कारण असेल. एवढं सोपं कारण आयतं मिळालं, तर नऊ वर्षांचं पोर ते का सोडेल?

तेव्हापासून हेरोला मला शिवायची बंदी झाली. नशमीलनं तिला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त ती जवळ आली की हातानं मागे सारायची. मार परवडला असता.

दोन वर्षांनी शाहो झाला. पुन्हा मी, पुन्हा पट्टे, पुन्हा निळा मणी. या वेळी गलावेझ त्याच्या रडण्याला नुसती उठायची नाही, दचकायची. मडकं असलेल्या कोनाड्याकडे ती पाठ करून काम करायची. शाहो रडला की त्याला पाठीशी बांधून घरभर हिंडायची, पण चमच्याला हात लावायची नाही. कारण कुणालाही सांगितलं नव्हतं, बहुधा स्वतःलाही नाही. हेरो माझ्यापासून दोन पावलांवर हात पाठीमागे बांधून उभी राहायची आणि तिथूनच त्याला तोंडं करून दाखवायची. शाहो तिला शोधत मान वळवायचा. बांधलेल्या बाळाची हलते ती फक्त मान.

मग अक्रोडाचे दिवस आले. त्या दिवसांत गावात कुणी उरत नाही. पुरुष झाडावर चढून लांब काठ्यांनी झोडपतात, बाया खाली वेचतात, सगळ्यांचे हात हिरव्या सालींनी काळे होतात. नशमील उजाडायच्या आत निघाली. जाण्याआधी शाहोला पाजलं, चमचा दिला आणि पट्टे आवळले. तिघं पोरं झोपेत होती.

दिवस कासराभर वर आला तेव्हा शाहो उठला आणि सूर लावला. गलावेझला झऱ्यावरून पाणी आणायचं होतं, तंदूरवर भाकऱ्या टाकायच्या होत्या. ती सिरवानच्या हातात दोरी देऊन गेली. सिरवानचे सगळे सोबती वर बागेत गेले होते. झोडपणी झाल्यावर पानांत राहिलेले अक्रोड ज्याला सापडतील त्याचे, अशी पोरांची चैन असते. त्याच्या एका हातात दोरी, कान बागेतल्या ओरड्याकडे. हिसका दिला. शाहो रडला. आणखी हिसका दिला. आणखी रडला. हेरो तेव्हा मागच्या गोठ्यात बकरीला पाला टाकत होती.

सिरवान उठला. मडक्यातून एक चमचा दिला. मग दाराबाहेर डोकावून आला, वाट बघायला धीर नव्हता, आणि दुसरा दिला. दोरी माझ्या दांड्याला गुंडाळली आणि पळाला.

म्हणजे तीन झाले. आईचा एक आणि सिरवानचे दोन. मला मोजता येतं, सांगता येत नाही. छातीवरचा पट्टा ताणायला उशीर लागू लागला, आणि मला त्याचा पुढचा रस्ता माहीत होता.

आधी आली हेरो. दोन पावलांवर थांबली, हात पाठीमागे. तोंड करून दाखवलं. शाहोनं मान वळवली नाही. तिनं ओठ काढून रडण्याची नक्कल केली. तरी नाही. घर अगदी शांत होतं. या शांततेला घरातली सगळी माणसं सुख मानतात, पण हेरोला ती आवडली नाही. ती धावत गेली आणि गलावेझला हाताला धरून घेऊन आली. गलावेझच्या काखेत भाकऱ्यांचं फडकं तसंच होतं.

गलावेझनं नाकानं बघितलं नाही, करंगळी दिली नाही. तिनं शाहोची पापणी उघडून बघितली आणि सरळ कोनाड्याकडे गेली. मडक्याचं झाकण बाजूला पडलं होतं, चमचा ओला होता. तेवढ्यात सिरवान दारात आला, खिसे अक्रोडांनी फुगलेले.

"किती दिलंस?" तिनं विचारलं.

"मी काही दिलं नाही. झोपलाय तो."

"सिरवान, किती?"

"नाही दिलं म्हटलं ना."

हेरो मध्येच म्हणाली, "माझ्यामुळे असेल. काल संध्याकाळी आई याला पाजत होती ना, तेव्हा माझा गुडघा लागला. पाळणा हलला होता. थोडासाच, पण हलला होता."

सिरवाननं मान वर केली. सुटायला वाट मिळाली होती, अगदी तीच जुनी वाट. तो म्हणाला, "बघ. हिनं हलवलाय."

गलावेझनं एकदा हेरोकडे बघितलं. पट्टा सैल पडला होता आणि मी मोजत होतो. तिच्या मनात काय चाललं होतं, ते मला समजलं. एकदा गप्प बसून तिचं निभावलं होतं. आताही निभावलं असतं. फक्त शाहो गेला असता आणि हेरोच्या डोक्यावर दुसऱ्या बाळाचंही खापर फुटलं असतं.

"सिरवान, इकडे बघ," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "रेबीनला मी दिलं होतं. आई नदीवर गेली होती, तो थांबेना, मला भाकऱ्या करायच्या होत्या. मी चमचा दिला आणि कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांनी हेरोवर ढकललं तरी सांगितलं नाही. आता तू सांग."

सिरवानच्या खिशातला एक अक्रोड खाली पडला आणि घरंगळत माझ्या पायाशी आला.

"दोन," तो म्हणाला.

वरून आवाज आला. आमच्या छतात धूर जायला भोक आहे, आणि छत म्हणजे खूंचेचं अंगण. खूंचे ही गावची म्हातारी सुईण, या घरच्या पाचही बाळांना तिनंच बाहेर काढलेलं. गुडघे गेल्यापासून ती उन्हात बसून असायची आणि खालच्या घरातलं सगळं ऐकायची. तिला दुसरा उद्योग नव्हता.

"काय दोन? कसले दोन?" ती भोकाला तोंड लावून म्हणाली. "आणि पोरगं का ऐकू येत नाही मला?"

गलावेझनं सांगितलं. म्हातारीनं तिथूनच हिशेब केला. मग म्हणाली, "म्हणजे तीन. तुझी आई पहाटे देऊन गेली असणार. अक्रोडाच्या दिवसांत कोण देत नाही? आता ऐक, लेकरा. मी खाली उतरेपर्यंत दिवस मावळेल, तेव्हा हात तुझे आणि तोंड माझं. पट्टे सोड. खांद्यावर उभा धर. गार पाण्यानं तोंड पूस. तळव्यांवर चापट्या मार. झोपू द्यायचं नाही. रडतंय का?"

"नाही."

"मग रडवा त्याला."

पट्टे सुटले. त्याबरोबर माझं मोजणंही सुटलं. त्यापुढचं मी बघत राहिलो, आणि बघणं मोजण्याहून कठीण असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

ज्या तिघांना जन्मल्यापासून एकच काम शिकवलं होतं, की बाळ रडलं तर गप्प करायचं, ती तिघं आता त्याला रडवायला धडपडत होती आणि त्यांना ते येत नव्हतं. गलावेझ त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. त्याची मान एका बाजूला कलंडायची, ती परत सावरायची. सिरवान तळव्यांवर चापट्या मारत होता आणि स्वतःच रडत होता. तो चिमटा काढायचा, माफी मागायचा आणि पुन्हा चिमटा काढायचा. शाहोचे ओठ जांभळट झाले होते. वरून म्हातारी सारखी विचारत होती, रडलं का, आणि गलावेझ सारखी सांगत होती, नाही.

हेरो अजून दोन पावलांवरच उभी होती. हात पाठीमागे.

"ताई, कानामागे," ती म्हणाली. "त्याला कानामागे गार लागलेलं आवडत नाही. आई अंघोळ घालते तेव्हा तिथं पाणी लागलं की तो चिडतो."

"मग लाव ना."

"मी हात लावू?"

गलावेझचा चेहरा कसा झाला, ते मी सांगू शकत नाही. ती गुडघ्यांवर बसली आणि शाहोला हेरोपुढे धरलं. "लाव. हेरो, तू काही केलेलं नाहीस. कधीच काही केलं नाहीस. लाव."

हेरोनं झऱ्याच्या पाण्याच्या घागरीत दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले आणि ओली बोटं त्याच्या दोन्ही कानांमागे दाबून धरली. एकदा. पुन्हा बुडवली, पुन्हा धरली. तिसऱ्या वेळी शाहोच्या कपाळाला आठी पडली. चौथ्या वेळी त्यानं ओठ काढला, अगदी हेरो काढायची तसा, आणि मांजराच्या पिलाएवढा आवाज केला.

"मला नाही ऐकू आलं," वरून खूंचे म्हणाली. "मला इथं वर ऐकू आलं पाहिजे."

ऊन माझ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर गेलं, तोवर त्या तिघांनी त्याला डुलकी घेऊ दिली नाही. आळीपाळीनं गार पाणी, आळीपाळीनं चापट्या. आवाज वाढत गेला. दिवस कलला तेव्हा शाहो असा भोकांड पसरून रडत होता, की कोनाड्यातलं झाकण थरथरत होतं, आणि त्याच्याभोवती बसून त्याची तिन्ही भावंडं हसत होती. खूंचेनं वरून सांगितलं, की आता तो शुद्धीवर राहील, पण पुढचे दोन दिवस नजर हलवू नका. मग म्हणाली, माझ्या पोटात राहील हे. पुढच्याच हिवाळ्यात ती ते पोटात घेऊन गेली.

म्हातारी गप्प झाल्यावर सिरवाननं विचारलं, आईला काय सांगायचं? गलावेझनं बराच विचार केला. ती म्हणाली, सांगितलं तर आई हिशेब करील. रेबीनलाही पहाटेचा चमचा तिचा आणि वरचा माझा, हे तिच्या लक्षात येईल. मग ती जगायची नाही. मग हेरो म्हणाली, "मग मीच रिकामा हलवला, असंच राहू दे. आता मला ठाऊक आहे ना. मला काही वाटणार नाही."

सहा वर्षांच्या मुलीनं असं वचन देऊ नये आणि दिलं तर कुणी घेऊ नये. पण त्यांनी घेतलं. तिघांनी माझ्या दांड्यावर हात ठेवून शपथ घेतली. मला कुणी विचारलं नाही.

नशमील पायवाटेवरूनच रडणं ऐकत आली. डोक्यावरचं पोतं उतरवायच्या आत म्हणाली, "तिघं असून एक पोर गप्प करता येत नाही तुम्हाला?"

तिनं शाहोला उचललं, आणि उचलताना सवयीनं हेरोला हातानं मागे सारलं.

त्याच दिवशी गलावेझनं मडकं ओतून टाकलं आणि त्यात वाळल्या तुतींचं उकळलेलं पाणी भरलं. रंग तोच. पुढे नशमील नवा काढा करायची आणि गलावेझ दर वेळी तो बदलायची. शाहो दीड वर्षाचा होईपर्यंत तुतीच्या पाण्यावर वाढला, आणि या पोराला काढा लागू पडत नाही, असं त्याची आई बायकांना सांगत राहिली. तिला यातलं काही कळलं नाही. म्हणूनच ती पिशवी चांगली वस्तू म्हणून जपून माळ्यावर गेली, माझ्या शेजारी.

बावीस वर्षं झाली. गलावेझ नदीपलीकडच्या गावात दिली. तिला चार मुलं झाली, चारही तिनं पाठीवर बांधून वाढवली, मला कधी मागितलं नाही. शाहो शहरात गाडी चालवतो. हेरो दोन अंगणं खाली राहते. तिचं लग्न उशिरा झालं, कारण गावाला जुनी गोष्ट माहीत होती. अजूनही बाळंतिणीच्या घरी तिला बोलावत नाहीत. मला काही वाटणार नाही, असं ती म्हणाली होती. माळ्यावर मला सगळं ऐकू यायचं. बारशाच्या दिवशी वरच्या अंगणात बायका गायच्या आणि हेरो खाली बकरीशी बोलत बसायची.

आणि आता ही चिमन, सिरवानची बायको. गुणी पोर आहे, माझ्या भोकांतली धूळसुद्धा काडीनं काढते आहे. तिला यातलं काही माहीत नाही. नशमील शेगडीजवळ बसून तिला शिकवते आहे, किती बोंडं, किती पाणी, आणि पोरं मोठी झाली तरी त्यांना सांगायचं नाही. सिरवान दाराशी अक्रोड फोडतो आहे. मघाशी पिशवी खाली आली तेव्हा त्यानं एकदाच वर बघितलं. मग पुढचा अक्रोड उचलला. तेव्हापासून तो एकही फोडू शकलेला नाही, नुसता हातात फिरवतो आहे.

सिरवान, बोल रे. येणारं बाळ तुझं आहे. म्हाताऱ्या आईचं काळीज फाटेल म्हणून गप्प बसलास, तर छातीवरचा पट्टा पुन्हा मलाच धरायचा आहे, आणि माझ्याच्यानं आता मोजवत नाही.

दारात सावली पडली. हेरो दह्याचं भांडं घेऊन आली आहे. नशमीलनं तिला बघितलं आणि अगदी सहज, जुन्या सवयीनं, सुनेला म्हणाली, "चिमन, पाळण्यावर चादर टाक. हेरोचा हात लागायला नको."

चिमन चादर शोधू लागली. एका हातात तिनं पिशवी धरलेली आहे. हेरोची नजर त्या पिशवीवर पडली. मग भावाकडे गेली. भावानं मान खाली घातली.

तिनं दह्याचं भांडं उंबऱ्यावर ठेवलं. हात पाठीमागे घेतले नाहीत. सरळ चालत आली, माझा दांडा धरला आणि मला हलवलं. जोरात, पूर्ण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. चिमननं पोटावर हात धरला. नशमील अर्धवट उठली.

"आई, खाली बस," हेरो म्हणाली. "चिमन, ती पिशवी दे माझ्याकडे आणि तूही बस. दादा, तू पण ये इकडे. रेबीनचं काय झालं, ते सांगायचं आहे."

नशमील बसली. सिरवाननं हातातला अक्रोड खाली ठेवला आणि तो उठला.

मी अजून डुलतो आहे, रिकामा. मला कुणी थांबवलेलं नाही.